दत्तकाची चौकशी : वारसापासून घरापर्यंत

येत्या पंधरवड्यात लखनौच्या आमच्या सरकारी निवासस्थानी एक समाजसेविका येणार आहेत. माझ्याशी आणि माझ्या पतींशी त्या एकत्र व स्वतंत्रपणे बोलतील, घर पाहतील, आमच्या मुलीशी गप्पा मारतील आणि या कुटुंबाकडे आणखी एक मूल सोपवावे की नाही याविषयी अहवाल लिहितील. या अहवालाला गृहअध्ययन म्हणता येईल, पण दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या मराठी घरांतूनही आता 'होम स्टडी' हाच शब्द रुळला आहे. आमची ही दुसरी खेप. आमची मुलगी २०१९ साली दहा महिन्यांची असताना घरी आली. आता ती सात वर्षांची आहे. होम स्टडी तीन वर्षेच वैध राहते, म्हणून सगळे नव्याने.

वीस वर्षांच्या नोकरीत मी इतरांच्या घरांची चौकशी पुष्कळ केली, पुष्कळ करवून घेतली. घरकुलाचा लाभार्थी खरोखर कच्च्या घरात राहतो काय, शिधापत्रिकेवरची माणसे खरोखर एका चुलीवर जेवतात काय, पुरात भिंत किती पडली. आपल्याच घराची चौकशी होणार म्हटल्यावर मात्र मन अस्वस्थ होते. अशा वेळी प्रशासनातल्या माणसाला एकच उपाय ठाऊक असतो, तो म्हणजे विषयाची पूर्वपीठिका वाचणे. ती वाचताना जे हाती लागले, ते महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्या वाचकांपुढे ठेवावे असे वाटले.

आमच्या घराण्यात दत्तक हा शब्द नवीन नव्हता. आजोबांचे एक चुलतभाऊ सातारा जिल्ह्यातल्या दुसऱ्या शाखेत दत्तक गेले, तेव्हा ते तिशीतले होते आणि त्यांना दोन मुले होती. लहानपणी मला हे फार विनोदी वाटे. मुलेबाळे असलेला गृहस्थ कोणाचे मूल कसा होतो? पुढे कायदा वाचताना कळले की मुंबई इलाख्यात हे पूर्णपणे कायदेशीर होते. नीलकंठभट्टांच्या व्यवहारमयूखाला या भागात मोठे प्रामाण्य होते. हे भट्ट घराणे मूळचे पैठणचे, काशीत स्थायिक झालेले. म्हणजे परप्रांतात राहून मराठी मुलुखाला कायदा पुरवणाऱ्यांपैकी एक. या परंपरेत विवाहित, मुले असलेला पुरुषही दत्तक जाऊ शकत असे, आणि विधवेला पतीच्या स्पष्ट अनुज्ञेविना दत्तक घेता येई. इतर प्रांतांत यांपैकी पुष्कळ गोष्टींना मज्जाव होता.

या पद्धतीत चौकशी नव्हती असे नाही. चौकशी होती ती गोत्राची, नात्याची, जातीची आणि वतनाची. पेशवाईतही वतनदाराच्या दत्तकाला सरकारची मंजुरी लागे आणि त्यासाठी नजराणा भरण्याची रीत होती. पिंड कोण देणार आणि जमीन कोण कसणार, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की काम संपले. घरात त्या मुलाला कोण जेवू घालणार, हा प्रश्न सरकारच्या कक्षेत येत नसे.

इंग्रजी अमलात हीच मंजुरी राजकारणाचे हत्यार झाली. १८४८ साली साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी मृत्यूपूर्वी काही तास दत्तक घेतला. लॉर्ड डलहौसीच्या सरकारने तो राज्याचा वारस म्हणून मानला नाही आणि सातारा खालसा झाले. झाशीच्या गंगाधररावांनी अधिक सावधगिरी बाळगली होती. २० नोव्हेंबर १८५३ रोजी त्यांनी घराण्यातल्याच पाच वर्षांच्या आनंदरावाला दत्तक घेतले आणि त्याचे नाव दामोदरराव ठेवले. समारंभाला कंपनीचे अधिकारी हजर होते, मेजर एलिस यांच्या हाती खलिताही दिला गेला. दुसऱ्या दिवशी गंगाधरराव वारले. १८५४ साली झाशी खालसा झाली.

प्रशिक्षणाच्या काळात झाशीचा किल्ला पाहिला, तेव्हा माझे लक्ष राणीच्या पराक्रमाकडेच होते. आता ते कागद प्रशासकाच्या नजरेने वाचते तेव्हा एक तपशील डोळ्यांत भरतो. डलहौसीने दामोदररावाचे दत्तकपण सर्वस्वी नाकारले नव्हते. गंगाधररावांच्या खाजगी मालमत्तेचा तो वारस आहे, राज्याचा नाही, असा त्याचा निवाडा होता. एकच मूल एका नस्तीत मुलगा ठरले आणि दुसऱ्या नस्तीत परके. त्या पाच वर्षांच्या पोराचे पुढे काय होईल, असा प्रश्न दोन्ही नस्त्यांत कोणी उपस्थित केला नाही.

१८५७ च्या उठावानंतर हे धोरण सोडून देण्यात आले आणि लॉर्ड कॅनिंगच्या काळात संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा मिळाल्या. १८७५ साली बडोद्यास मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले, तेव्हा खंडेरावांच्या विधवा पत्नी जमनाबाईंना दत्तक घेण्याची अनुमती मिळाली. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावाहून तीन मुले त्यांच्यापुढे आणली गेली. तुम्ही येथे कशासाठी आलात, असे विचारल्यावर गोपाळ नावाच्या मुलाने राज्य करण्यासाठी आलो असे उत्तर दिले आणि त्याची निवड झाली, अशी कथा सांगितली जाते. तेच पुढे सयाजीराव महाराज. म्हणजे परीक्षा होती, पण ती मुलाची होती. मुलाला घेणाऱ्या घराची परीक्षा करावी, ही कल्पना अजून पुष्कळ दूर होती.

याच काळात पुण्यात मात्र एक वेगळे दत्तक झाले होते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. फसवल्या गेलेल्या विधवांना तेथे गुप्तपणे बाळंत होता येई. १८७४ साली काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेच्या मुलाला या दांपत्याने आपला मानला, तो यशवंत. दत्तक सजातीय असावा, असा शास्त्राचा दंडक होता. बहुधा म्हणूनच जोतीरावांनी केवळ मानण्यावर न थांबता १८८७ साली रीतसर मृत्युपत्र करून यशवंताला वारस नेमले. यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये त्याच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करतानाच सावित्रीबाईंना प्लेग झाला व त्यात त्या गेल्या. या दत्तकात पिंडही नव्हता आणि वतनही नव्हते. मुलाला घर हवे होते आणि घराला मूल.

घराची चौकशी ही कल्पना सागरापलीकडची. १८५१ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने असा कायदा केला की दत्तक घेणारे मुलाचे नीट संगोपन करण्यास समर्थ आहेत, याची न्यायाधीशाने आधी खातरजमा करावी. १९१७ साली मिनेसोटा राज्याने अशा घराची प्रत्यक्ष तपासणी कायद्यानेच आवश्यक केली. साल लक्षात घेण्याजोगे आहे. मॅसॅच्युसेट्सचा कायदा झाला तेव्हा आपल्याकडे डलहौसी गव्हर्नर जनरल होता आणि झाशीला अजून तीन वर्षे बाकी होती.

स्वतंत्र भारताने १९५६ साली हिंदू दत्तक व निर्वाह कायदा केला. मुलगी दत्तक घेणे प्रथमच सर्व हिंदूंना कायद्याने शक्य झाले, दत्तहोम आवश्यक राहिला नाही, हे मोठे पाऊल होते. पण वारसाची छाया पूर्ण गेली नाही. मुलगा असेल तर दुसरा मुलगा दत्तक घेता येणार नाही, मुलगी असेल तर दुसरी मुलगी नाही, असे कलम ११ सांगते. विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावाने दत्तक घेता येत नसे. पती दत्तक घेई आणि तिची फक्त संमती लागे. हे २०१० च्या दुरुस्तीने बदलले. मी सेवेत आले तेव्हा शेकडो एकर जमिनीच्या वादांत निकाल देण्याचा अधिकार मला होता, पण या कायद्याखाली मूल दत्तक घेण्याचा नव्हता. मूळ कायद्यात मूल देण्याचा अधिकारही मुख्यतः आईबापांचाच होता. आईबाप अज्ञात असलेल्या, टाकून दिलेल्या मुलाचा विचार १९६२ च्या दुरुस्तीने झाला. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी यांना तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली पालकत्वच घ्यावे लागे. मूल सज्ञान झाले की तेही संपे.

होम स्टडी भारतात आली ती परदेशी लोकांसाठी. भारतीय मुले परदेशी देण्याच्या व्यवहारात गैरप्रकार होतात, असे पत्र लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला लिहिले. १९८२ साली त्या पत्रालाच याचिका मानण्यात आले आणि फेब्रुवारी १९८४ मध्ये न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी सविस्तर निकाल दिला. परदेशी जोडप्याच्या होम स्टडीत कोणते मुद्दे असावेत याची यादीच त्यांनी दिली. घराचे वर्णन, पतिपत्नींचे संबंध, प्रकृती, उत्पन्न, शाळेची सोय, आजीआजोबांचा दृष्टिकोन, शेजाऱ्यांचा दृष्टिकोन. आणि आधी दत्तक घेतलेले मूल असल्यास त्याची वाढ कशी झाली आहे. सातासमुद्रापार जाणाऱ्या मुलाची काळजी म्हणून विचारलेले हे प्रश्न पुढे देशातल्या दत्तकासाठीही लागू झाले. ते योग्यच झाले. मूल बोस्टनला गेले काय आणि बाराबंकीला गेले काय, दार लागल्यावर घरात काय घडते, हे त्याला सारखेच भोगावे लागते.

त्यानंतरचा प्रवास थोडक्यात असा. १९९० मध्ये केंद्रीय दत्तक संस्था, म्हणजे 'कारा', स्थापन झाली. २००० चा बाल न्याय कायदा आणि त्यातील २००६ ची दुरुस्ती यांनी धर्माची अट नसलेला दत्तकाचा मार्ग उघडला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. आमच्यासारख्यांसाठी महत्त्वाचा निकाल २००९ चा, मुंबई उच्च न्यायालयाचा. स्वतःची मुलगी असलेल्या एका जोडप्याला दुसरी मुलगी दत्तक घ्यावयाची होती आणि १९५६ चा कायदा आड येत होता. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी निर्णय दिला की निराधार, सोडलेल्या मुलांच्या पुनर्वसनासाठी केलेल्या बाल न्याय कायद्याखाली हे दत्तक होऊ शकते. हा निकाल नसता तर आमच्या मुलीला बहीण मिळण्याचा विचारही आम्हाला करता आला नसता. ऑगस्ट २०१५ पासून नोंदणी संगणकावर आली. २०२१ च्या दुरुस्तीनुसार १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी देऊ लागले.

आणि येथे हा इतिहास माझ्या स्वतःच्या टेबलापर्यंत येतो.

२०२३ साली मी एका जिल्ह्याची जिल्हाधिकारी होते. दत्तकाच्या नस्त्या येऊ लागल्या होत्या. त्यांपैकी एका नस्तीत शिवणकाम करणारे एक जोडपे होते. चार वर्षांचा मुलगा नियमाप्रमाणे आदेशापूर्वीच त्यांच्याकडे संगोपनासाठी राहत होता. होम स्टडी अनुकूल होती. घराच्या वर्णनात लिहिले होते : एक खोली व स्वयंपाकाची जागा. मी समासात शेरा मारला, 'मुलासाठी स्वतंत्र खोलीची व्यवस्था आहे काय? स्पष्ट करावे.' आणि नस्ती परत पाठवली.

नस्ती सहा आठवड्यांनी परत आली. कायद्याने दिलेल्या दोन महिन्यांच्या आतच. सोबत पूर्तता म्हणून भाड्याची पावती जोडली होती. त्या जोडप्याने शेजारची खोली भाड्याने घेतली होती. सुनावणीच्या दिवशी बाईंच्या पदराला धरून तो मुलगा उभा होता. नंतर समाजसेविकेकडून कळले की त्या सहा आठवड्यांत बाईंना झोप नव्हती. सरकारी गाडीचा आवाज आला की मुलाला न्यायला आले असे त्यांना वाटे. भाड्याची अनामत उसनवारीने भरली होती. आदेशावर मी त्याच दिवशी सही केली, पण त्या शेऱ्याबद्दल काही बोलले नाही. स्वतंत्र खोली असलीच पाहिजे, असे कोणत्याही नियमात नाही. तो नियम मी केवळ एका ओळीत निर्माण केला होता. माझे स्वतःचे बालपण दोन खोल्यांत सहा माणसांबरोबर गेले, हे तो शेरा मारताना मला आठवले नाही.

आता प्रश्न मला विचारले जाणार आहेत. घराचे वर्णन? तीन खोल्या, पण त्यांतली एकही आमची नाही. सात वर्षांत हे चौथे निवासस्थान. शेजारी? दर दोन वर्षांनी बदलणारे. नातेवाईक? तेराशे किलोमीटरवर. येथे मराठी बोलणारे आम्ही तिघेच. दिवाळीला सासूबाई येतात तेव्हा चौघे. फिरतीच्या नोकरीतल्या माणसाने या रकान्यात काय लिहावे? महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या पुष्कळ वाचकांना हा प्रश्न ओळखीचा वाटेल. आणखी एक अडचण अशी की येणाऱ्या समाजसेविका पदाने माझ्यापेक्षा पुष्कळ कनिष्ठ असतील, कदाचित कंत्राटी. त्या मला अवघड प्रश्न विचारणार नाहीत, अशी भीती आहे. म्हणून आम्ही ठरवले आहे की त्या दिवशी दारात शिपाई नसेल, गाडी नसेल, चहा मी स्वतः करीन, आणि त्या विचारणार नाहीत ते आम्हीच सांगू : मी रात्री उशिरा घरी येते, पतींना रक्तदाबाचा त्रास आहे, पहिली दोन वर्षे मुलीला माझी सवय व्हायला वेळ लागला.

वेळही फार नाही. २०२२ च्या नियमावलीप्रमाणे दोन ते चार वर्षे वयाच्या मुलासाठी पतिपत्नींच्या वयाची बेरीज नोंदणीच्या दिवशी नव्वदच्या पुढे जाता कामा नये. आमची एकोणनव्वद आहे.

सासूबाईंना फोनवर सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी दत्तकाला भटजी लागायचे, आता समाजसेविका लागतात. एवढंच." मग थोडे थांबून म्हणाल्या, "मलाही विचारतील का गं काही?" विचारतील असे मी म्हटल्यावर त्या खूष झाल्या. आजीचे मत सरकारला हवे आहे, हे त्यांच्या आयुष्यात प्रथमच घडत होते.

कागदपत्रांच्या यादीत एक कागद आहे : घरातील मूल पाच वर्षांहून मोठे असल्यास त्याची संमती. मुलीला आम्ही तिची कहाणी पहिल्यापासून सांगितली आहे. तिने विचारले, "आई, त्या बाई मी यायच्या आधीपण आल्या होत्या?" मी जुना अहवाल काढून तिच्यापुढे ठेवला. त्यातले तिला फारसे कळले नाही. "घरात लहान मूल नाही" हे वाक्य मात्र तिने बोट ठेवून दोनदा वाचले. मग मी तिला मजकूर सांगू लागले, सवयीप्रमाणे : 'माझी काही हरकत नाही.' तिने पेन खाली ठेवले. "असं कोण बोलतं?" म्हणाली. तिने आपल्या मनाने लिहिले, मराठीत, दोन ओळींत : मला बहीण चालेल, भाऊ पण चालेल. माझी खोली मी देणार नाही, पण ती माझ्या खोलीत झोपू शकते.

हा कागद बदलून नीट लिहून घ्यावा, असा विचार क्षणभर आला. मग तो तसाच जोडला.

जिल्ह्यात काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना दोनच गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. दत्तकाच्या नस्तीवर शेरा मारण्यापूर्वी तो कोणत्या नियमाखाली आहे हे लिहावे. नियम सापडला नाही तर शेरा मारू नये. आणि काही विचारायचेच असेल तर नस्ती परत पाठवण्याऐवजी समाजसेविकेला फोन करावा. त्यांनी ते घर पाहिलेले असते, आपण पाहिलेले नसते. दत्तकाच्या कामात सरकार दीडशेहून अधिक वर्षांत वारसाच्या प्रश्नापासून घराच्या प्रश्नापर्यंत आले आहे. दारापर्यंत आल्यावर खोल्या मोजून परत फिरण्यात अर्थ नाही.

त्या शिवणकाम करणाऱ्या जोडप्याला मी गेल्या आठवड्यात पत्र लिहिले. पत्ता जुन्याच खोलीचा आहे. शेजारची खोली त्यांनी वर्षभराने सोडली, असे कळले. उत्तर अद्याप आलेले नाही.